ग्राफ थिअरीला रोबोट वापरायचे का, आणि वापरले तर नक्की कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे की डिपार्टमेंटला ग्रँटमधून आठ लाईन फॉलोअर किट, म्हणजे फरशीवरची काळी लाईन धरून चालणारे छोटे रोबोट, मिळालेत, ते कपाटात पडून आहेत, तुम्हाला ह्या सेमला सेकंड इयरला ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा (एज) ह्यांचं गणित, शिकवायची आहे, तर ह्यांचा खरंच काही उपयोग होतो का नुसताच मुलांचा टाइमपास, आणि करायचंच तर काय करायचं.

उपयोग होतो सर, पण ज्यासाठी बहुतेक लोक ते बाहेर काढतात त्यासाठी नाही. नेहमीचा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, लॅपटॉपवर डायक्स्ट्रा, म्हणजे सगळ्यात जवळची वाट काढायचा अल्गोरिदम, चालवायचा, निघालेला पाथ रोबोटमध्ये टाकायचा, रोबोट टेपवरून सुळकन जातो, मुलं टाळ्या वाजवतात, कोणीतरी व्हिडिओ काढतं, एचओडी खूश. ह्यातून ग्राफ थिअरी शून्य कळते. ते काम स्क्रीनवरचं ॲनिमेशन जास्त चांगलं करतं आणि त्याला चार्जिंगही लागत नाही.

मी कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवते, ग्राफ थिअरी आधी डिस्क्रीट मॅथ्सचा भाग म्हणून आणि मग इलेक्टिव्ह म्हणून, त्यातली शेवटची सातआठ वर्षं रोबोट घेऊन. मला जे सापडलं ते असं की फळ्यावर ग्राफ काढला की आपण सगळे त्याच्याकडे वरून बघतो, घारीसारखं. सगळे नोड, सगळ्या एज एकदम दिसतात. रोबोट मात्र ग्राफच्या आत उभा असतो, त्याला पायाखालची चार बोटं लाईन दिसते, बाकी काही नाही. वरून बघताना जे फुकट मिळतं ते आतून बघताना मिळत नाही, आणि काय काय फुकट मिळत होतं ह्याची यादी मुलांनी स्वतः करणं, रोबोटचा सगळा फायदा त्यातच आहे. म्हणून मी प्रॅक्टिकल असे निवडते की ज्यात रोबोट फसेल.

पहिल्या वर्षीचा किस्सा सांगते, तो ठरवून केलेला नव्हता. फरशीवर काळ्या इन्सुलेशन टेपने त्रिकोण काढला होता, प्रत्येक कोपऱ्यावर एक आडवी पट्टी, ती दिसली की रोबोटने नोड मोजायचा, आणि सुरुवातीच्या जागी परत आला की थांबायचं आणि आकडा दाखवायचा. सोपं वाटतं ना? रोबोट फिरत राहिला. एलसीडीवर ५, ६, ७... १७ पर्यंत गेला तेव्हा एका मुलीने त्याला उचललं आणि म्हणाली, मॅडम ह्याला कळतच नाहीये की तो इथे आधी येऊन गेलाय. मी तिथेच लेक्चर थांबवलं आणि विचारलं, ठीक आहे, मग कोड बदलून दे, असा कोड की त्याला कळेल. पंधरा मिनिटं भांडणं झाली. टाइम मोजू, टर्न मोजू, टर्न मोजायची आयडिया चालली असती पण मी म्हटलं उद्या मी सहा कोपऱ्यांचा टाकला तर? शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला की त्याला जे दिसतंय ते लाईन, पट्टी, लाईन, पट्टी असंच आहे, त्रिकोण असो, षट्कोन असो नाहीतर न संपणारी सरळ लाईन असो, दिसतंय सगळं सेम, मग कुठलाही प्रोग्रॅम तिन्ही ठिकाणी सेमच वागणार. झालं की हो प्रूफ! अशक्यतेचं प्रूफ, दोन ओळींचं, मुलाच्या तोंडून. मग एका कोपऱ्यावर एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या आणि प्रश्न सुटला. एक खूण पुरते. लेबल्ड आणि अनलेबल्ड ग्राफ, म्हणजे नोडला ओळखीची खूण असलेला आणि नसलेला, ह्यातला फरक त्या बॅचला पुन्हा समजवावा लागला नाही.

आता ह्याच्या आधीचा एक तास मी रोबोट न काढताच घेते, आणि तुमच्याकडे किट आहेत म्हणून हा गाळू नका. आंधळी कोशिंबीर. कॉरिडॉरमध्ये खडूने दहाबारा नोडचा ग्राफ काढायचा, एकाच्या डोळ्यावर ओढणी बांधायची, दुसरा त्याला फक्त एवढंच सांगणार की इथून किती वाटा फुटतात, आणि ओढणीवाल्याने सगळ्या वाटा फिरून सुरुवातीला यायचं. हातात मूठभर चिंचोके द्यायचे, वाटेच्या तोंडाशी टाकायला. मुलं आधी भरकटतात, मग हळूहळू नियम तयार होतो की वाटेत शिरताना आणि बाहेर पडताना चिंचोका टाकायचा, दोन पडलेल्या वाटेत पुन्हा शिरायचं नाही, नवीन वाटेने ओळखीच्या चौकात पोचलो तर आल्या पावली मागे फिरायचं, आणि आलेल्या वाटेने परत जायची पाळी शेवटी, दुसरी मोकळी वाट उरली नसेल तरच. ही त्रेमो नावाच्या फ्रेंच माणसाची रीत, १८८२ साली ल्यूकाने छापली, भूलभुलय्यातून सुटायला. म्हणजे डीएफएस (डेप्थ फर्स्ट सर्च, एकाच वाटेने जाता येईल तितकं आत जायचं आणि मग मागे फिरायचं) कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे आणि मुळात पायी चालणाऱ्याचा अल्गोरिदम आहे.

मग फळ्याकडे वळायचं. चिंचोके मोजा, प्रत्येक एज बरोबर दोनदा चालली गेली, एकदा जाताना एकदा येताना. का? आणि इथे ऑयलर आपोआप येतो, कारण प्रत्येक एज डबल केली की सगळ्या नोडची डिग्री, म्हणजे नोडला लागलेल्या एजची संख्या, सम होते, म्हणजे डबल केलेल्या ग्राफमध्ये ऑयलर सर्किट, प्रत्येक एज एकदाच चालून सुरुवातीला परत येणारी फेरी, असणारच, आणि त्रेमोचा माणूस नकळत तेच सर्किट चालतोय. ऑयलरची सात पुलांची १७३६ ची गोष्ट, क्योनिग्जबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, मी ह्यानंतर सांगते, आधी नाही. ती सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेली असते आणि उत्तर पाठ असतं, डिग्र्या ५, ३, ३, ३, चारही विषम, जमणार नाही, चला पुढे. त्याऐवजी विचारायचं की ठीक आहे, जमत नाही, पण रोबोटला सगळे पूल झाडायचेच आहेत आणि घरी परत यायचंय, तर कमीत कमी किती वेळा पूल ओलांडावे लागतील? नऊ. आणि परत यायची अट काढली तर आठ. तिथून चायनीज पोस्टमन (सगळ्या एज चालून परत यायची सगळ्यात छोटी फेरी), त्यासाठी विषम नोडच्या जोड्या लावणं, म्हणजे मॅचिंग, सगळं एका धाग्यात येतं.

आता माझं सगळ्यात आवडतं प्रॅक्टिकल, ह्यात तुमची किट हवीतच. एका सरळ रेषेत नऊ नोड, मध्ये ३० सेंमीच्या आठ एज, म्हणजे अडीच मीटरहून कमी जागा. रोबोट मधल्या नोडवर ठेवायचा, दोन्ही बाजूंना चार चार नोड. मुलांना सांगायचं की सगळे नोड बघून या, एकदा डीएफएसने आणि एकदा बीएफएसने (ब्रेड्थ फर्स्ट सर्च, आधी जवळचे सगळे नोड, मग लांबचे), आणि किती एज चाललात ते मोजा. डीएफएस एका टोकाला जातो आणि परत फिरून दुसऱ्या टोकाला, ४ अधिक ८, बारा एज. बीएफएस डावीकडचा पहिला बघतो, मग उजवीकडचा पहिला, मग डावीकडचा दुसरा, मग उजवीकडचा दुसरा, असा बिचारा येरझाऱ्या घालत राहतो, एकूण ३६ एज. डीएफएसला ३.६ मीटर आणि बीएफएसला १०.८ मीटर. मुलं हसून लोळतात, कोणीतरी म्हणतंच की सरकारी ऑफिसात फाईल अशीच फिरते. मग विचारायचं की पुस्तकात तर दोघांचं टाइम कॉम्प्लेक्सिटी सेम आहे, ऑर्डर ऑफ व्ही प्लस ई, म्हणजे नोड अधिक एज ह्यांच्या प्रमाणात वेळ, मग हे काय झालं?

इथे शांतता पसरते आणि ती पसरू द्यायची, लगेच उत्तर देऊ नका. उत्तर असं की बीएफएसच्या क्यूमधून, म्हणजे बघायच्या नोडच्या रांगेतून, नोड काढला की आपण तिथे पोचलो असं कोड गृहीत धरतो. मेमरीत तेवढं खरं आहे, फरशीवर नाही. हाताला कॅल्क्युलेशन द्या, दोन्ही बाजूंना के नोड असले तर बीएफएसला दोन के स्क्वेअर अधिक के एज आणि डीएफएसला तीन के. दहा दहा नोड असतील तर २१० विरुद्ध ३०. ह्यानंतर मायक्रोमाऊस, भूलभुलय्यातून वाट काढणाऱ्या छोट्या रोबोटची स्पर्धा, सांगायला मजा येते, १६ बाय १६ चा भूलभुलय्या, एक घर १८ सेंमीचं, आणि बहुतेक टीम जो फ्लड फिल वापरतात तो म्हणजे शेवटच्या घरापासून उलटा सोडलेला बीएफएसच, फक्त तो डोक्यात चालतो, पाय त्याप्रमाणे एक एक घर पुढे टाकतात आणि नवी भिंत दिसली की डोक्यात पुन्हा पाणी सोडायचं. डोक्यातला ग्राफ आणि पायाखालचा ग्राफ हे दोन वेगळे, हे वाक्य मी बोलत नाही, ते त्यांच्या जर्नलमध्ये येतं.

पुढचं प्रॅक्टिकल शॉर्टेस्ट पाथचं. ४ बाय ४ ची ग्रिड, १६ नोड, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचंय. सगळ्या एज सारख्या, म्हणजे सहा एजचे पाथ, आणि असे पाथ एकूण २०. डायक्स्ट्राला वीसही सारखेच, त्याला जो आधी सापडेल तो देईल, आणि नेबरच्या क्रमानुसार बऱ्याचदा जिन्यासारखा पाथ मिळतो, एक उजवीकडे एक वर एक उजवीकडे एक वर. आता रोबोट सोडा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. आमच्या रोबोटला एक एज पार करायला साधारण दीड सेकंद आणि जागेवर ९० अंश वळायला एक सेकंद लागतो. जिन्याच्या पाथला पाच वळणं, ९ अधिक ५, चौदा सेकंद. एल आकाराच्या पाथला एकच वळण, दहा सेकंद. अल्गोरिदम बरोबर, कोड बरोबर, आणि तरी वीसमधला सगळ्यात वाईट पाथ मिळाला.

मुलांची पहिली आयडिया असते की वळणाचा खर्च एजच्या वेटमध्ये, म्हणजे एजवर लिहिलेल्या खर्चाच्या आकड्यात, घालू. घाला म्हणते, दाखवा कुठल्या एजवर. दहा मिनिटांत कळतं की तो कुठल्याच एका एजवर लिहिता येत नाही, कारण तो दोन एजच्या जोडीचा आहे, ह्या एजवरून आलो आणि त्या एजवर गेलो तर एक सेकंद, तिसऱ्या एजवरून आलो असतो तर शून्य. मग काय बदलायचं, डायक्स्ट्रा? नाही, ग्राफ बदलायचा. नोड म्हणजे चौक असं आपण धरलं होतं, आता नोड म्हणजे चौक आणि तोंड कुठल्या दिशेला ती दिशा. १६ चे ६४ झाले. चौकात उभ्या उभ्या वळणं ही एक सेकंदाची एज, पुढे जाणं ही दीड सेकंदाची एज, शेवटच्या चौकात तोंड कुठेही असलं तरी चालेल. डायक्स्ट्राची एक ओळसुद्धा बदलायची नाही, तोच कोड आता एल देतो. शहरात चौकाचौकात राइट टर्न बंद असतो त्याचंही मॉडेल असंच करतात हे सांगितलं की मग टू-व्हीलरवाल्यांना लगेच पटतं. मला विचाराल तर अख्ख्या सेममध्ये एकच प्रॅक्टिकल घ्यायला वेळ असेल तर हे घ्या, कारण परीक्षेत ग्राफ दिलेला असतो आणि नोकरीत ग्राफ कुणी देत नाही, नोड कशाला म्हणायचं ते आपणच ठरवायचं असतं.

जाता जाता हेही सांगा की डायक्स्ट्राने त्याची रीत १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये छापली ती हॉलंडमधल्या शहरांमधलं अंतर डोक्यात ठेवून, पण ए स्टार, डायक्स्ट्रालाच ध्येयाकडच्या अंदाजाची जोड देणारी रीत, १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफेल ह्यांनी काढला तो शेकी नावाच्या रोबोटच्या कामातूनच. त्यामुळे कमिटीत कोणी विचारलं की गणिताच्या विषयात रोबोट कशाला, तर हे उत्तर तयार ठेवा.

ओझोबॉट हा लाईनवर चालणाऱ्या रोबोटचा वेगळा प्रकार, लिंबाएवढा छोटा, कागदावर मार्करने काढलेल्या पाच-सहा मिलिमीटरच्या लाईनवर चालतो. बाहेरून मागवावा लागतो आणि स्वस्त नाही, पण तुमच्याकडे नसला तरी हे ऐका, तुमच्या किटच्या कोडमध्येही वाट निवडायला एक रँडम फंक्शन टाकून जमेल. ह्याला काही कोड दिला नाही तर चौकात आल्यावर तो आपल्या मनाने कुठलीतरी वाट धरतो. म्हणजे रँडम वॉक, दर चौकात नशिबावर वाट निवडणारी भटकंती, आयती मिळाली. कागदावर चौकोन काढायचा आणि एक कर्ण, डिग्र्या ३, ३, २, २, कोपरे जरा गोल ठेवायचे. चार मुलं चार नोडवर टॅली मारायला बसवायची, दहा मिनिटं. भेटी साधारण ३:३:२:२ च्या जवळ यायला लागतात, म्हणजे डिग्रीच्या प्रमाणात, थिअरीत शंभरातल्या ३०, ३०, २०, २०.

आणि मग एखादं हुशार पोरगं विचारतंच, मॅडम पण हा तर आल्या वाटेने मागे फिरतच नाही, पुस्तकातला रँडम वॉक मागेही फिरतो, मग पुस्तकातलं थिअरम इथे कसं लागलं? फार भारी प्रश्न आहे हा. नोड सोडून द्या आणि दिशा असलेल्या एज मोजा, पाच एज म्हणजे दहा दिशा. डी डिग्रीच्या चौकातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही एका दिशेत शिरायला डी वजा एक वाटांवरून येता येतं आणि प्रत्येकीवरून तिथे शिरायची शक्यता एक भागिले डी वजा एक, बेरीज एक. म्हणजे दहाही दिशांना सारखाच वाटा, आणि नोडच्या वाट्याला जेवढ्या दिशा येऊन मिळतात तेवढं, तीच डिग्री. मागे फिरो न फिरो, उत्तर तेच. फक्त डेड एंड ठेवू नका, टोकाला तो थांबतो, ठेवायचाच तर तिथे यू-टर्नचा कलर कोड काढा.

आता व्यवहाराच्या गोष्टी, कारण प्रॅक्टिकल फसतं ते थिअरीमुळे नाही, ह्यामुळे फसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांना पीआयडीला, म्हणजे रोबोटला लाईनवर धरून ठेवणाऱ्या कंट्रोलच्या कोडला, हात लावू देऊ नका. तुम्ही किंवा लॅब असिस्टंटने आधीच चार फंक्शन तयार करून द्यायची, पुढच्या नोडपर्यंत जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, मागे फिर, बस. मुलांनी ह्या चार विटांवरच बांधायचं. एकदा का कोणी त्यातले केपी केडी हे आकडे ट्यून करायला बसला की दोन तासांचं प्रॅक्टिकल गेलं, आणि एक सेम तर माझं अख्खं असंच गेलंय, सगळी मुलं रोबोटिक्स शिकली आणि ग्राफ थिअरी कोणीच नाही.

किट कमी पडली आणि स्वतः बनवायचे ठरवले तर दोन चाकी चॅसी, आर्डुइनो, मोटर ड्रायव्हर, आयआर (इन्फ्रारेड) सेन्सरची पट्टी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका गल्लीत मिळतं. चाकांना लागणाऱ्या स्वस्त पिवळ्या बीओ मोटरचे दोन पीस कधीच सारखे फिरत नाहीत, म्हणून अंतर टायमरने मोजायचा मोह टाळा, नोड मोजा. सेन्सर कमीत कमी पाच घ्या, तीनवर लाईन धरता येते, पण चौक तिरका आला की टी आहे का प्लस आहे ह्यात घोळ होतो. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र ह्या रोबोटिक्स उपक्रमामुळे आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजात फायरबर्ड पाच नावाचे रोबोट पडून असतात, त्यालाही तीनच व्हाइट लाईन सेन्सर असतात, पण ग्रिडवर सरळ चौकांसाठी तो मजेत चालतो, कपाटात असेल तर आधी तो काढा.

खिडकीतून ऊन येत असेल तर पडदे ओढा, उन्हात आयआर असतं आणि दुपारी तीनच्या बॅचला रोबोट वेडा होतो तो त्यामुळे, कोडमुळे नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे सेन्सरने काळं कशाला म्हणायचं तो आकडा, प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला पुन्हा घ्या. बॅटऱ्या आदल्या दिवशी चार्ज करा. बॅटरी उतरली की वळण ९० चं ८० होतं आणि मुलं अर्धा तास लॉजिकमध्ये चूक शोधत बसतात. एका रोबोटवर चारपेक्षा जास्त मुलं नकोत, आणि त्या चौघांतल्या एकाने फक्त वहीत लिहायचं, रोबोटला काय वाटलं असेल आणि खरं काय होतं असे दोन कॉलम करून. टर्मवर्कचे मार्क मी त्या वहीवर देते, रोबोट पोचला का नाही ह्यावर देत नाही. पोचला ह्यावर मार्क ठेवले की मुलं हाताने ढकलतात, अनुभव आहे.

दोन रोबोट एकाच ग्राफवर सोडायचा प्रयोग मी मध्ये मध्ये करते, बोळात दोन रिक्षा समोरासमोर येतात तसे अडकतात आणि डेडलॉक शिकवता येतो, पण तो ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय आहे, वेळ उरला तरच.

आणि सगळंच रोबोटवर नेऊ नका. प्लेनॅरिटी (एज एकमेकींना न छेदता ग्राफ काढता येतो का), कलरिंगची बाउंड (किती रंग पुरतात), जोड्या लावण्याबद्दलचं हॉलचं थिअरम, ट्री ग्राफवरचे इंडक्शनचे पुरावे, इथे रोबोट नुसता लुडबूड करतो, खडू आणि फळा घ्या. मी चौदा आठवड्यांत फार तर चार प्रॅक्टिकल रोबोटवर घेते, आंधळी कोशिंबीर धरून पाच.

टेप दर वेळी चिकटवायचा कंटाळा येतो, आणि काढताना फरशीवर गोंद राहतो म्हणून शिपाईमामा रागावतात ते वेगळं, तर ४ बाय ४ ची ग्रिड फ्लेक्सवाल्याकडून एकदाच छापून घ्या. वाढदिवसाचे बॅनर छापतो तोच, भाव स्क्वेअर फुटावर असतो. त्याला चकचकीत नको, मॅट हवं असं दोनदा सांगा, चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि सेन्सर गोंधळतो. आणि काम झालं की गुंडाळून उभा ठेवा, घडी घालू नका. आमचा एक वर्ष घडी घालून कपाटात गेला, घडीत धूळ बसून काळी रेघ तयार झाली, आणि पुढच्या जुलैमध्ये त्रेमो चालवणाऱ्या रोबोटने २४ एजच्या ग्रिडमध्ये पंचविसावी एज शोधून काढली. मुलांनी जर्नलमध्ये तीही व्यवस्थित लिहिली, जाताना एकदा आणि येताना एकदा.